ठाण्याला न्या, म्हणाली होतीस तू

बाय,

तुला न्हाऊ घातलं, नवं लुगडं नेसवलं, तरी तुझ्या केसांतला धुपाचा वास गेला नव्हता. खांदा देताना तो माझ्या नाकात शिरला तो अजून तिथेच आहे. आज तेरावा दिवस. पुढ्यात ताट आलं की तोच वास येतो आणि मी ताट सारतो. घरचे म्हणतात, गुरुजींना बहिणीचं दुःख लागलं. दुःख आहेच. पण खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी शिसारी येते. त्या धुराची, त्या नारळांची, तुझ्या दारात हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसांची. आणि त्यांच्यात एकदा मीही उभा होतो, याची.

तुझ्याबद्दल लोक आता जे बोलतात ते ऐकवत नाही. म्हणून तुला ठाऊक असलेलंच तुला पुन्हा सांगतो. निदान या वहीत तरी ते खरं राहील.

पहिल्यांदा झालं ते होडीत. बोनकोड्याहून लग्न होऊन तू सारसोळ्याला गेलीस त्याला सहा वर्षं झाली होती. धर्मा भावोजी खाडीत जाळं लावायचे, तू मासळीची पाटी घेऊन होडीने पलीकडे विकायला जायचीस. त्या सकाळी वारा नव्हता, पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं. होडीत नेहमीच्याच बायका, नेहमीच्याच गप्पा. आणि अर्ध्या खाडीत तुझ्या हातातली पाटी सुटली.

चार दिवसांनी माहेरी आलीस तेव्हा पडवीत बसून मला सांगितलंस, "बाला, छातीन ढोल वाजाय लागला. हातांना मुंग्या. घसा असा आवळला का वारा आत जाय ना. आन मना वाटला, झाला, मी आथाच मरनार. सगल्या बाया दिसत व्हत्या, पन लांब. जशा भिंतीपल्याड."

"मग?"

"मग काय. गेला आपोआप. बाया हसल्या. बोल्ल्या, पोटुशी असशील."

पोटुशी नव्हतीस. पंधरा दिवसांनी पुन्हा झालं, बाजारात. मग विहिरीवर. मग तू होडीत बसायचं टाळायला लागलीस. विहिरीवर एकटी जाईनाशी झालीस. झटका येऊन जायचा तो थोडाच वेळ, पण तो पुन्हा येईल या धास्तीने तुझे आठ-आठ दिवस खाल्ले. हे मला आज कळतं. तेव्हा मी एवढंच म्हणालो, "मन घट्ट कर." किती फुकाचा सल्ला. ज्याला धाप लागली त्याला 'श्वास घे' म्हणण्यासारखा.

मला नुकतीच शिरवण्याच्या शाळेत नोकरी लागली होती. मी मुलांना शिकवायचो की भूत नसतं, पिंपळावर कुणी बसलेलं नसतं, अंधार म्हणजे नुसतं उजेड नसणं. मुलं एका सुरात म्हणायची, भूत नसतं. आणि त्याच महिन्यात तुझ्या सासूने, चांगुणामावशींनी, भगत आणला, तेव्हा मला निरोप आला आणि मी गेलो.

दुपारची वेळ होती. तुला ओटीवर बसवलं होतं. भगताने निखाऱ्यांवर सुक्या मिरच्या टाकल्या आणि तुझं तोंड त्या धुरावर धरलं. तू खोकत होतीस, सुटायला बघत होतीस, आणि जितकी धडपडत होतीस तितके लोक म्हणत होते, बघा, बाहेरचं आहे, धूर सोसत नाही त्याला. मिरचीचा धूर कुणाला सोसतो? हे मी मनात म्हणालो. तोंडाने नाही. मग त्याने आपल्या पायातली चप्पल काढली आणि ती तुझ्या दातांत दिली. चिखलाची, शेणाची चप्पल. "धर. सोडलीस तर पुन्हा येल तो," म्हणाला. तुझ्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आणि चिखल एकत्र गळत होता. तू पाय झाडलेस. चांगुणामावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गुरुजी, पाय धरा तिचे."

मी धरले.

माझ्या तळव्यांना तुझे घोटे अजून लागतात. त्या भगताचा मी तितका राग करत नाही. त्याला तेवढंच येत होतं. मला त्याहून जास्त कळत होतं. मला वीट येतो तो माझ्या धुतल्या धोतराचा, माझ्या खिशातल्या पेनचा.

त्यानंतर दोन वर्षं हेच चाललं. झटका आला की मार, लिंबू, मिरच्या. तू लपवायला शिकलीस. झटका येतोय असं वाटलं की गोठ्यात जाऊन उभी राहायचीस. आणि मग त्या नवरात्रात गावदेवीच्या देवळात आरती चालली होती, ढोल, झांजा, धूप, खच्चून गर्दी, आणि तुला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. तू थरथरायला लागलीस. लुगड्याचा पदर सुटला, डोळे मोठे झाले, तोंडातून आवाज फुटेना. कुणीतरी ओरडलं, "आई आली." बायकांनी कुंकवाने तुझं कपाळ भरलं. ज्या बाईने आदल्या महिन्यात तुला केरसुणीने मारलं होतं, त्या तुझ्या सासूने सगळ्यांच्या आधी तुझ्या पायांवर डोकं ठेवलं.

त्या दिवसापासून मार थांबला आणि मंगळवार सुरू झाले. दर मंगळवारी तुला पाटावर बसवायचं, समोर धूप, मागे ढोलकी, दारं लावून घ्यायची. अर्ध्या तासात तुला झटका यायचाच. न येऊन काय करतो? तू एक शब्द बोलायची नाहीस. दम घ्यायचीस, हात चोळायचीस, आणि चांगुणामावशी अर्थ लावायच्या. 'आई म्हनते, पोर व्हईल.' 'आई म्हनते, जालं उत्तरेला लावा.' लांबच्या गावांतून माणसं येऊ लागली. बायका तुझ्या सासूला 'देवीची सासू' म्हणायच्या आणि तिला बसायला पुढची जागा द्यायच्या. उभ्या जन्मात त्या म्हातारीला कुणी पुढची जागा दिली नव्हती. हे मला समजतं. समजलं म्हणून किळस कमी होत नाही.

तू मला म्हणाली होतीस, "देवी नाय रे बाला, धूर हाय. धूर कोंडला का दम कोंडतो, दम कोंडला का ता येता. दार उघडला तं देवी जाल पलून."

मी काय उत्तर दिलं, आठवतं? मी म्हणालो, "असू दे ना बाय. निदान आता कुणी मारत तरी नाही."

तू म्हणालीस, "मार खाताना मी मानूस तरी व्हते."

या वाक्यावर आपलं भांडण तिथेच थांबलं आणि पुढे कधी पुरं झालं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या सुमनला ताप आला. बारा दिवस उतरेना. डॉक्टरचं औषध चालू होतं, पण घरात रडारड सुरू झाली आणि सुमनची आई म्हणाली, तुमच्याच बहिणीच्या अंगात देवी येते आणि तुम्ही पोरीला तिच्या पायावर घालत नाही. मंगळवार होता. मी पोरीला खांद्यावर घेतलं आणि शिरवण्याहून चालत सारसोळ्याला आलो. लोकांच्या रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली. तू पाटावर होतीस, डोळे फाटलेले, छाती भात्यासारखी चाललेली. मी पोरीला तुझ्यासमोर निजवलं आणि तुझ्या पायांवर डोकं ठेवलं.

तू पाय आखडून घेतलेस.

लोकांना ते दिसलं नसेल. मला कळलं. त्या अवस्थेत, जीव घशाशी आलेला असताना, तू मला ओळखलंस आणि पाय मागे घेतलेस. आयुष्यात दोनदा मी तुझे पाय धरले, बाय. एकदा दाबून ठेवायला, एकदा डोकं टेकायला. दोन्ही वेळा तू सोडवून घ्यायला बघत होतीस.

सुमन औषधाने बरी झाली आणि नाव देवीचं झालं. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत तू शाळेच्या दारात उभी. सारसोळ्याहून एकटी चालत आली होतीस. वाटेत दोनदा झटका येऊन गेला होता, हे नंतर कळलं. मी बाहेर आलो. तू फक्त विचारलंस, "तू पन?"

मी त्याच आठवड्यात रजा टाकली आणि तुला ठाण्याला एका डॉक्टरकडे नेलं. तुझ्या सासरी सांगितलं, आईला भेटायला बोनकोड्याला नेतो. एस.टी.त तू खिडकीशी बसलीस आणि माझी बाही मुठीत धरून ठेवलीस.

ते डॉक्टर म्हातारे होते, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी तुला तपासलं, नळी छातीला, पाठीला लावली, दंडाला पट्टा बांधला, लघवी तपासली, जिना चढून यायला लावलं आणि पुन्हा नळी लावली. मग मला गप्प बसायला सांगून तुलाच विचारलं, काय होतं ते सांगा. भगताने कधी विचारलं नव्हतं. मीही तसं, असं समोर बसून, विचारलं नव्हतं. तू सगळं सांगितलंस. ढोल, मुंग्या, भिंतीपल्याडच्या बाया.

ते म्हणाले, "तुमचं काळीज चांगलं आहे. हा भीतीचा झटका. घरात चोर शिरला की कुत्रं भुंकतं, बरोबर? तुमच्या घरात चोर नाही, पण कुत्रं भुंकतंय. कुत्रं खोटं भुंकत नाही, त्याला खरंच वाटतंय. म्हणून तुम्हाला होतं ते खरंच होतं. पण चोर नाही."

"म्हंजी मी याड लागलेली नाय?"

"नाही."

"आन मरनार नाय?"

"मराल कधीतरी. ह्याने नाही."

तू हसलीस. मी किती वर्षांनी तुला हसताना पाहिलं. मग त्यांनी सांगितलं की झटका चढतो, थोडा वेळ टिकतो आणि आपसूक उतरतो. त्याच्याशी झोंबलं तर जास्त चढतो, पळालं तर पुढच्या वेळी आणखी लवकर येतो. पळू नका. पाय जमिनीला टेकवा. श्वास घेण्याची घाई करू नका, सोडा. लांब, हळू सोडा. डोळ्यांना दिसतंय त्याची नावं घ्या. स्वतःला सांगा, हा तोच, मागेही आला होता, मागेही गेला होता. शेवटी उठताना ते म्हणाले, "मात्र कधी छातीत दाबून दुखलं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, गार घाम सुटला आणि उतरेना, तर हे काही करत बसू नका. तडक दवाखाना गाठा. ते वेगळं असतं."

परत येताना तू ते सगळं मला म्हणून दाखवलंस, धडा पाठ केल्यासारखं.

पुढच्या मंगळवारी तू पाटावर बसली नाहीस. चांगुणामावशींनी आरडाओरडा केला, देवी कोपेल म्हणाल्या, शेजारी जमले. तू अंगणात जाळं शिवत बसून राहिलीस. तुला तिथेही झटका आला, सगळ्यांच्या देखत, आणि तू उठली नाहीस. टाके घालत राहिलीस. भावोजी मला म्हणाले होते, "हात कापत व्हता तिचा, पन सुई थांबली नाय." त्यांना त्या दिवशी तुझा अभिमान वाटला होता, बाय. त्यांनी तुला तो सांगितला नाही. ते तसेच आहेत.

सासूने बोलणं टाकलं. आलेली माणसं दारातून परत गेली आणि जाताना तुला बोल लावून गेली. ज्यांनी पायावर डोकी ठेवली होती त्यांनी विहिरीवर तुझा पोहरा बाजूला सारला. लोकांना देवी चालते, वेडी चालते. घाबरणारी, आणि घाबरून पुन्हा कामाला लागणारी बाई त्यांना कुठे ठेवायची ते कळत नाही.

आणि तू पुन्हा होडीत बसलीस. मला तो रविवार आठवतो. मी तुझ्याबरोबर पलीकडे येत होतो, शाळेसाठी काही सामान आणायचं होतं. खाडीच्या मध्यावर तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "आला. गप बस."

तू टाचा होडीच्या फळीवर रोवल्यास. ओठांचा चंबू करून, फुंकणीने निखारा फुंकताना राख उडू नये म्हणून हळू फुंकतो ना, तसा लांब श्वास सोडलास. पुन्हा सोडलास. पाटीतल्या मासळीकडे बघून पुटपुटायला लागलीस, "कोलंबी. बोयटा. चिंबोरी. निवटी. जिताडा." कपाळावर घामाचे थेंब आले. मला वाटलं तुला धरावं, नावाड्याला मागे फिरायला सांगावं. पुन्हा "कोलंबी, बोयटा." मग तुझे खांदे खाली आले.

"गेला," म्हणालीस. आणि लगेच, "तुझा तोंड का रं असा झालाय? झटका मना आल्ता का तुला?"

त्या दिवशी बाजारात तू गिऱ्हाइकांशी घासाघीस करत होतीस आणि मी बाजूला उभा राहून बघत होतो. मी आयुष्यात फार शूर माणसं पाहिली नाहीत. एक पाहिलं. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

पाच वर्षं तशी गेली. झटके विरळ झाले. आले तरी तू त्यांना 'पावना' म्हणायचीस. मधल्या काळात आपल्याकडे कारखाने आले, शिरवण्याच्या माळावर भोंगे वाजायला लागले, रस्त्याने लॉऱ्या धावू लागल्या. दवाखाना पूर्वीइतका लांब राहिला नव्हता. हे अंतर मी पुनःपुन्हा मोजतो.

त्या दिवशीचं मला भावोजींनी सांगितलं, तुकड्या-तुकड्यांनी, दहा दिवस लावून. सकाळी दहाच्या सुमाराला तू धक्क्यावरून पाटी घेऊन येत होतीस. दारात आलीस आणि पाटी खाली ठेवून बसलीस. डावा हात चोळत होतीस. अंग गार, घामाने भिजलेलं. भावोजी म्हणाले, "पावना आला का?" तू मान हलवलीस. "ह्यो तो नाय," म्हणालीस. "ह्यो दुसरा हाय. मना ठान्याला न्या."

चांगुणामावशी आतून आल्या. पाच वर्षं त्या या दिवसाची वाट बघत होत्या. त्यांनी तुझा घाम पाहिला, धाप पाहिली, आणि शब्द ऐकला. ठाण्याला न्या. त्या म्हणाल्या, "आई परत आली. आई ठानं मागते."

तू पुन्हा सांगितलंस. तीनदा सांगितलंस, भावोजी म्हणतात. ठान्याला न्या. बालाला बोलवा. ठान्याला न्या. आणि त्यांनी पाट आणला, धूप पेटवला, दार लावलं. देवीला तिचं ठाणं, म्हणजे बसायची जागा, दिलं. तू डॉक्टर मागत होतीस आणि तुझ्यासमोर नारळ फुटत होते. हे दुखणं वेगळं आहे हे तुला ठाऊक होतं, आणि ते सांगण्याची ताकद होती, तरी तुझ्या तोंडून निघालेला शब्दसुद्धा तुझा राहू दिला नाही.

भावोजी शेवटी स्वतः शाळेत धावत आले तेव्हा बारा वाजून गेले होते. मी आलो, दार ढकललं. धुरात तू भिंतीला टेकून बसली होतीस, कपाळभर कुंकू. मला बघून म्हणालीस, "बघला करून. उतरत नाय."

आम्ही तुला उचललं, रस्त्यावर आणलं, एका लॉरीवाल्याने घेतलं. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू घाबरलेली नव्हतीस, हे मी शपथेवर सांगतो. ठाण्याच्या अलीकडे तुझा श्वास थांबला.

काल बाराव्याला जेवणं झाल्यावर चांगुणामावशींनी सगळ्यांना सांगितलं की धक्क्याजवळ तुझं ठाणं बांधायचं. शेंदूर लावलेला दगड आणूनही ठेवला होता. बायकांनी पदर पसरले. मी तिथेच मोरीवर जाऊन ओकलो. मग परत आलो आणि उभा राहिलो. मी म्हणालो, "जनी देवी नव्हती. तिला भीतीचे झटके यायचे आणि ती ते झेलायला शिकली होती. त्या दिवशी ती हृदयविकाराने मेली. ती ठाणं मागत नव्हती, ठाण्याच्या डॉक्टरकडे न्या म्हणत होती. आपण तिला नेलं नाही."

कुणीतरी म्हणालं, मास्तर शिकला आणि बाटला. चांगुणामावशी छाती पिटायला लागल्या. तेव्हा धर्मा भावोजी, जे कधीच बोलत नाहीत, खाली बघत म्हणाले, "तीनदा बोल्ली ती. मी ऐकला. मना कल्ला पन व्हता." आणि उठून खाडीकडे चालते झाले.

दगड आज सकाळी बसवलाच त्यांनी. शाळेत जाताना मी मुद्दाम धक्क्याकडून गेलो आणि पाहिला. शेंदूर ओला होता, माशा बसल्या होत्या.

तिथून निघालो तर मागून एक सून आली, वीस-बावीसची असेल, पाटी कडेवर. आजूबाजूला बघून म्हणाली, "गुरुजी, जनीबाय काय करायची? मना पन व्हता तसा. दोन म्हैने झाले. घरान कोनला सांगला नाय."

मी तिला फुंकणीचं सांगितलं, टाचांचं सांगितलं, मासळीच्या नावांचं सांगितलं. मला तुझ्यासारखं नीट दाखवता आलं नाही. ती ऐकत होती, ओठ हलवत होती. मग तिने विचारलं, "मी मरनार नाय ना?"

डॉक्टरांचं उत्तर मला पाठ होतं. पण तेरा दिवसांच्या आत ते तोंडातून निघेना.

"आधी डॉक्टरला दाखवू," मी म्हणालो. "रविवारी जाऊ, तुझ्या नवऱ्याला घेऊन. ते काय सांगतात ते ऐकू. आणि कधीही, कुठेही, तू जे म्हणशील, ते तू म्हणशील तसंच ऐकू."